पान सत्याऐंशी

निमोणकरांच्या कादंबरीत
शालनचा चेहरा कुठेच नाही.
दोनशे बारा पानं ती खडकीच्या कारखान्यात
काडतुसं मोजते, डबा विसरते,
एका माणसाला नाही म्हणते;
पण नाक कसं, कपाळ केवढं, एक अक्षर नाही.
"तेवढं तुम्ही बघा," म्हणाले फोनवर,
गॅसवर दूध ठेवून निघाल्यासारखे.

मग बुधवारी जुना बाजार.
ताडपत्रीवर नटबोल्ट, एकाच पायाचे बूट,
आणि गोणीभर कागद, किलोवर.
पीएमटीची तिकिटं घेतली,
कुणाच्यातरी गुडघ्याचा एक्स-रे,
स्वेटरच्या विणीचा तक्ता: दोन सुलट, एक उलट.

एक्स-रेचा अंधार केला, कारखान्याच्या भिंतीमागचा.
विणीची झाली खिडकीची जाळी.
तिकिटांची साडी, चुण्यांसकट.
चेहऱ्याची जागा तेवढी तशीच,
पाटावर कुणी यायचं राहिल्यासारखी.

गोणीच्या तळाशी फोटो निघाला.
एक बाई. मान डावीकडे,
फोटोवाल्याने सांगितली असेल त्याहून
जरा जास्तच.
शालन!
कात्री कानापाशी आली तेव्हा उलटून पाहिला.
मागे निळ्या शाईत:
पसंत नसल्यास कृपया परत पाठवावा.
खाली सोमवार पेठ, घर नंबर ओघळलेला.

कोलाज म्हणजे जोडणं, असं मी शिकवत आले
शनिवारच्या वर्गात, चौदा वर्षं.
प्रत्येक तुकड्याची एक बाजू
आपण खळीत बुडवून टाकतो
हे कुणी विचारलं नाही,
मीही काढलं नाही.

वाटीतल्या खळीवर साय धरली.
शेवटी वरच्या कडेला दोनच ठिपके.
बिजागरीसारखे.

अप्पा बळवंत चौकामागे स्कॅनिंगवाला शिकलगार
नखाने कड उचलून म्हणाला,
"मॅडम, सावली पडणार. दाबून चिकटवा."
पडू दे.
"छपाईची चूक म्हणतील लोक."
म्हणू देत.

पडली. हनुवटीखाली राखाडी रेघ,
शिवण उसवावी तशी.
निमोणकर म्हणाले, चेहरा अगदी तोच,
पण खाली ते काय आलंय?
मी दुसऱ्या आवृत्तीचं विचारलं.

मूळ चित्र कपाटात उभं आहे.
भिंग लावून पाहिलं:
नंबर अकरा असेल, नाहीतर एकोणीस.
अकरामध्ये आता टायरचं दुकान आहे.
एकोणीसला
अजून गेले नाही.