तडा कुठे जावा

ऑगस्टात एलिस काउंटीची जमीन तोंड उघडते.
गॅरेजपुढच्या भेगेत लाडिस्लावची किल्ली पडली,
सत्त्याण्णव साली. अजून तिथेच आहे,
काळ्या गंबोच्या पोटात, कुठेतरी खाली.

स्वयंपाकघराचं दार उन्हाळ्यात लागायचं नाही,
पावसात उघडायचं नाही.
दरवर्षी तो रंधा घेऊन बसायचा.
चाळीस वर्षांत दार बोटभर अरुंद झालं,
घर काही सरळ झालं नाही.

तो गेला, आणि मी ठरवलं:
स्वयंपाकघर पायापासून नवं.
तिघांना विचारलं.

पहिला डॅलसहून आला, गुळगुळीत फाइल घेऊन,
बुटांना माती लागू नये म्हणून फरशीफरशीवरून चालत.
आजन्म हमी, म्हणाला.
कोणाचा जन्म? मी विचारलं.
तो हसला, पान उलटलं.

दुसऱ्याने फोनवरच भाव सांगितला.
माती बघणार नाही का?
बाई, माती ती माती.

तिसरा रेफुजियो व्हिलालपांडो,
जुन्या कापूस-गिरणीमागे राहणारा.
आला तो आधी वाकला.
ढेकूळ उचललं, त्यावर थुंकला,
अंगठ्याखाली मळून त्याची फीत काढली,
लांब, न तुटणारी,
माझी आई स्ट्रूडलचं पीठ ताणायची तशी.
छपराचं पाणी कुठे जातं?
हे पेकानचं झाड किती वर्षांचं?
मग म्हणाला, चला,
आणि शेजारच्या ओपल स्टॅबलरच्या दारात नेलं.
ही वाट मी ओतलेली.
बघा, तडे बघा.

कुठला कंत्राटदार आपलेच तडे दाखवायला नेतो?

हे दोन सांध्यात गेलेत, मी सांगितलं तिथे.
हा तिसरा माझा. त्या दिवशी घाई केली,
मुलीचा बाप्तिस्मा होता.
काँक्रीट तडकणारच, सेन्योरा.
कुठे तडकावं, एवढंच आपल्या हातात.

त्याचा आकडा तेवीसशे डॉलरने जास्त होता.
वर म्हणाला, ऑगस्टात ओतणार नाही.
आधी जमिनीला पाणी द्या, सहा आठवडे,
थोडं थोडं, ताप आलेल्याला पाजतात तसं.
रोज संध्याकाळी मी झिरपती नळी घराभोवती फिरवली.
ओपल कुंपणावरून म्हणाली,
व्हर्ना, काय उगवायचंय? भिंती?

ऑक्टोबरात यंत्र आलं.
चौदा फूट, पांढरा खडक लागेपर्यंत.
खालून काळी माती वर येत राहिली
आणि मी काठीने एकेक ढीग उकरत राहिले.
काय शोधताय, कोणी विचारलं नाही.
त्याच्या पुतण्याने, ओक्टाव्हियोने,
फक्त दुसरी काठी घेतली.

किल्ली मिळाली नाही.

मग सळया बांधल्या, आणि तुळयांच्या खाली
त्याने पुठ्ठ्याचे खोके मांडले.
पुठ्ठा! मी ओरडलेच. अहो, तो कुजेल!
कुजायलाच हवा, तो म्हणाला.
कुजला की पोकळी उरते.
माती फुगली की तिला जायला जागा लागते,
नाहीतर ती घर उचलते.

ओला करडा लगदा खोक्यांवर पसरत गेला
आणि मी पायरीवर बसून राहिले.
लाडिस्लावने जन्मभर भेगा बुजवल्या. मीही.
जेवताना दोघांत काही उघडं पडू लागलं
की एकाने उठून रेडिओ लावायचा.
बहुधा मीच.

जुनंच दार बसवा, मी सांगितलं.
व्हिलालपांडोने दाराच्या तासलेल्या कडेवरून हात फिरवला,
काही बोलला नाही.

आता ते लागतं.
पहिल्या रात्री तो आवाज ऐकून
मी दचकून विचारलं, कोण?

बोटभर फट आहेच.
जानेवारीत तिच्यातून वारा येतो.
मी टॉवेल लावते,
सकाळी काढते.