पायऱ्यांची वही

लांजेवार सर गेले.
पेपरच्या पाचव्या पानावर, फोटोत टाय लावलेले,
म्हणून आधी ओळखूच आले नाहीत.

नागपूरला ते पुनर्वसन मानसशास्त्र शिकवायचे.
हे दोन शब्द पारव्यात कुणाला एका दमात म्हणता येत नसत.
आम्ही म्हणायचो, शनिवारचे सर.
यवतमाळच्या बसमधून उतरायचे,
खिशात शिंप्याची टेप,
आणि गालात खर्रा,
जो आम्हाला दिसत नाही अशी त्यांची समजूत.

मी एकोणीसची.
सोयाबीनच्या मळणी यंत्राने उजवा हात
कोपराखाली नेला, त्याला सहा महिने झालेले.
येणारा जाणारा विचारायचा, कसं झालं वं?
आणि मी यंत्र पुन्हा सुरू करायची.

सरांनी विचारलं, सकाळी काय खाल्लं?
भाकर. अंबाडीची भाजी.
कोणी चारलं?
आईनं.
आई पदराचं टोक मुडपत राहिली.
मग सर हळूच म्हणाले,
खाजते काय?
काय?
गेलेला हात.

हे मी कुणाला बोलले नव्हते.
बोलले असते तर लिंबू उतरवलं असतं माझ्यावरून.
आंगठा, म्हटलं. नखाच्या मुळाशी.
सरांनी ते लिहून घेतलं,
कुणाचा पत्ता लिहून घ्यावा तसं.

पुढच्या शनिवारी माधव लक्षणेच्या सलूनातला आरसा
त्यांनी उतरवून आणला,
कोपऱ्यात मारुतीचं स्टिकर असलेला.
दवाखान्याच्या बाकावर आडवा उभा केला.
आरशामागे माझा थोटा हात, पुढ्यात डावा.
म्हणाले, मूठ उघड.
कोणती?
दोन्ही.

यंत्रापासून मिटलेली होती ती.
आरशात पाहत एकेक बोट सोडलं.
आई उठून बाहेर गेली, नळ सोडला,
बराच वेळ चालू होता.

सगळ्यांचं असं झालं नाही.
रोशन कुळसंगे दुसऱ्यांदा आलाच नाही,
तलावाकडे गेला.
सर त्याच्या ओसरीवर दिवसभर बसले,
काही शिकवलं नाही,
त्याच्या बापासोबत तुरीच्या शेंगा सोलल्या.
शेवटची बस चुकली.

आमच्या कागदावर 'अपंग' खोडून 'दिव्यांग' आलं
तेव्हा दवाखान्याच्या पायरीला टेप लावून सर म्हणाले,
शब्द बदलला बाप्पा, ही अजून नऊ इंचच आहे.
मग वहीत नोंद.
टपालघर, तीन पायऱ्या. बँक, पाच, कठडा नाही.
शाळा. राशन दुकान. मारुतीचं देऊळ.
रागीट होते. ग्रामसेवकाला एकदा इतकं बोलले
की पुढच्या शनिवारी पेढे घेऊन माफी मागायला गेले,
आणि तिथे परत भांडले.
आमच्या कित्येक सवयी त्यांनी सोडवल्या,
खर्रा तेवढा त्यांचा सुटला नाही.
शेवटी तोंडात चमचा जाईना, असं कळलं.
कोणी चारलं असेल?

शोकसभा ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये होती.
हार, समई, सरपंचांचं भाषण, सगळं तयार.
यशोदा तोडसाम तीनचाकी घेऊन पायरीशी थांबलेली,
म्हणाली, चालू द्या तुमचं, मी इथूनच ऐकते.
आत कुणालाच बसवेना.
मग माधवने फोटो उचलला, कुणी सतरंजी ओढली,
आणि सर बाहेर आले, कडुलिंबाखाली,
खुर्चीवर, टायसकट.

दोन मिनिटं शांतता.
बरोबर तेव्हाच आंगठा खाजला.

वही आणि टेप त्यांच्या मुलीने पाठवली, माझ्या नावाने.
एका हाताने टेप धरता येत नाही,
एक टोक दातात धरावं लागतं.
सभा पांगल्यावर हॉलच्या पायऱ्यांपुढे वाकले.
आठ. आठ. साडेसात. चौथी तुटलेली.
डाव्या हाताने लिहिलं.
अक्षर अजून वाकडंच येतं, सर,
आणि टेपला तुमच्या खर्ऱ्याचा वास आहे.