बेटावरचं पोतं

पेरूच्या त्या बेटावर पाऊस पडत नाही,
म्हणून पाखरांची शीट वाहून जात नाही.
साचते. पुरुषभर उंच.
सातुर्निनो नाकाला फडकं बांधून खरवडतो, पोती भरतो.
कालपरवापर्यंत मासळीच होती ही,
त्याआधी शेवाळ,
त्याआधी कुणाचं हाड, कोण सांगणार.

पोतं बोटीतून, ट्रकमधून, शेवटी गाढवावरून
चढतं त्याच्याच गावी, ढगांच्या वर.
बायको इलारिया सरीत मूठ मूठ टाकते,
वास घेते. म्हणते, "नवरा आला."

बटाटे काढायच्या वेळी तो खरंच येतो.
सालासकट उकडलेला एक उचलतो,
फुंकर घालतो
(ती कुठल्या पानात शिरली, कुणी पाहिलं?)
आणि चावता चावता थांबतो.
"मीठ जास्त झालंय?"
"नाही," म्हणतो,
आणि आणखी एक घेतो.