नऊ मीटर

सहकारनगरातल्या आमच्या गल्लीची रुंदी
कागदावर सहा मीटर आहे.
ती रेघ मी ओढली,
चौऱ्याहत्तर साली, नगररचनेच्या टेबलावर,
शाईच्या पेननं, श्वास रोखून,
डबा खायच्या आधी.
सहा पुरे, असं वाटलं असणार.
गल्लीतून तेव्हा एक दूधवाला जायचा आणि दोन सायकली.

आता मी काउंटरच्या अलीकडे.
टोकन क्रमांक एकेचाळीस.
पलीकडची मुलगी माझ्या नातीएवढी,
स्क्रीनवरून नजर न काढता म्हणते,
‘काका, सहा मीटरवर टीडीआर बसत नाही.
नऊ लागतात.’
मी म्हणतो, माहीत आहे.
कसं माहीत आहे, ते सांगत नाही.

सोळा सभासद, लिफ्ट नाही.
सरासरी वय साडेशहात्तर,
हे घाटपांडेबाईंनी सभेत काढलं,
त्या संख्याशास्त्र शिकवायच्या.
त्याच पुढे म्हणाल्या,
‘आणि मंजुरीला जर सरासरी...’
अध्यक्षांनी चहा मागवला.
इतिवृत्तात तिथं तीन टिंबं आहेत.

बिल्डर पोरगेला, बोलायला गोड.
ज्येष्ठांसाठी खास बांधू म्हणाला:
न घसरणाऱ्या फरश्या, संडासात धरायला दांडे,
उशाशी घंटी,
आणि लिफ्ट अशी, की स्ट्रेचर आडवं मावेल.
‘आडवं’ म्हटल्यावर
सगळ्यांना आपापल्या चपला बघाव्याशा वाटल्या.

रविवारी तांबोळींनी खडू आणला.
कॅम्पात सूट शिवण्यात त्यांची हयात गेली,
टेप अजून गळ्यात असते.
नकाशा मी वाचला, त्यांनी पार्किंगमध्ये बेतला,
खऱ्या मापात:
हॉल, मोरी, बाल्कनी म्हणून दीड हात, लिफ्ट.
कर्नल सरपोतदार लिफ्टमध्ये उताणे झोपले.
पाय घोट्यापासून बाहेर.
‘चार इंच वाढवा,’ झोपूनच हुकूम.
आम्ही हसलो,
आणि मग त्यांना उठवायला चौघे लागलो.

फिलोमिनाबाई आपल्या स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या,
खडूच्या रेषेवर पाय पडू न देता.
‘खिडकी कुठं?’
मी नकाशा फिरवला. इथं.
‘तळजाई दिसेल?’
समोरच्याचं पार्किंग दिसेल, दुसरा मजला.
त्या बराच वेळ तिथंच,
हात वर, जसा गज धरलेला.

उरलेले तीन मीटर
दोन्ही बाजूंनी निम्मेनिम्मे द्यायचे.
आमच्या बाजूनं ठराव झाला.
समोर केळशीकरांचा बंगला,
कुंपणाशी पपनस, बरोबर दीड मीटरात.
मी हातात पेढे घेऊन गेलो, मग लाज वाटून
पिशवी पाठीमागे धरली.
वसुधाताईंनी सगळं ऐकलं, चष्मा पुसला.
‘सहाची रेघ ओढली तरी कुणी हो?’
मी, म्हणालो.
आतल्या खोलीत कुकरची शिट्टी झाली.
‘मग जरा जाड तरी ओढायचीत.’

सही केली नाही. पपनस दिलं.

वॉचमननं गाड्या धुतल्या त्या सकाळी
हॉल वाहून गेला, मोरी गेली.
कोपऱ्यातली लिफ्ट राहिली थोडी,
पाणी तिथवर पोचत नाही.

कर्नल मार्गशीर्षात गेले.
जिन्यावरून, खुर्चीत बसवून, खाली आणले.
वळणावर तांबोळी पुटपुटत होते, सावकाश, सावकाश.
संमतिपत्रावर त्यांची सही आहे,
पण आता वारसाची हवी,
आणि मुलगा मेलबर्नला.

आज पुन्हा टोकन. बावन्न.
मुलीनं त्रुटीपत्र सरकवलं.
एक ते सहा, नेहमीचं.
सात: लिफ्टचे माप मूळ नकाशाहून
चार इंच अधिक. कारण नमूद करावे.
जागा दिलीय अर्धी ओळ.
‘इथंच लिहिलंत तरी चालेल, काका.’

मी पेन काढलं.
श्वास रोखला.