गुंता खाली दिसतो

केरिचोत चहाच्या कारखान्याचा भोंगा रात्री दहाला वाजतो.
जेरोनो वजनकाट्यावरून उठते,
बोटांना हिरवट वास, साबणाला न जुमानणारा.
घरी येऊन लॅपटॉप उघडते,
नाकुरूच्या एका शिक्षकाने विकलेला;
त्यावर 'आर' हे अक्षर दोनदा दाबावं लागतं.

नैरोबीच्या एका गुळगुळीत माणसाने
तीन हजार शिलिंगांत तिला शिकवलं होतं :
एकदा लिहा, जन्मभर खा.
तुम्ही झोपलात तरी पैसा जागा राहतो.
त्याच्या मागे समुद्र होता. छापील.

म्हणून आधी तिने लिहिलं गाद्यांबद्दल.
पाठीला कोणती बरी, कोणती दमट हवेत टिकते,
दहा गाद्या, क्रमवारीने.
एकीवरही ती कधी आडवी झालेली नव्हती.
आठ महिने. वाचक अकरा.
त्यातले नऊ ती स्वतःच, मैत्रिणींच्या फोनांवरून.

मग एका रात्री वीज गेली
आणि पलीकडच्या खोलीत आई मशीन चालवतच राहिली.
पायाचं मशीन, त्याला विजेशी काय देणंघेणं.
शाळेच्या चौदा हाफपँटी सकाळी द्यायच्या होत्या.
जेरोनोने विचारलं, अंधारात सुई दिसते कशी?
ताप्रांदिच म्हणाली, दिसत नाही. ऐकू येते.
आणि मग, दोरा दाताने तोडत :
"गुंता खाली दिसतो, चूक वर असते.
लोक खालचंच उसवत बसतात."

ते वाक्य तिने तसंच उतरवलं.
त्याच्या मागे बॉबिनचं. पट्टा सैल पडला तर काय.
कोणत्या तेलाचा कपड्याला डाग पडत नाही.
आई बोलायची, ही टिपायची.
इंग्रजीत आईचा आवाज थोडा बारीक व्हायचा,
पण यायचा.

आणि माणसं येऊ लागली.
लिमातलं कुणी, तिथे अजून संध्याकाळ;
कार्डिफमधलं कुणी, लग्न उद्यावर आणि झालर सुईखाली अडकलेली.
केरिचोत रात्र.
सात सेंट. एकतीस सेंट. एकदा एकदम दोन डॉलर.
हिला म्हणे झोपेतली कमाई म्हणतात!
जेरोनो तर झोपेनाशीच झाली,
तासातासाला उठून बघायची,
तान्ह्या बाळाचा श्वास बघावा तशी.

शंभर भरल्याशिवाय कंपनी मूठ उघडत नाही.
शंभर भरायला एकोणीस महिने लागले.

शनिवारी फोन थरथरला.
आईने विचारलं, कुणी दिले?
जेरोनोने समजावलं : वाचायला येतात त्यांना
बाजूला एक चित्र दिसतं. नवं मशीन,
बटणांचं, विजेवरचं.
कुणी ते घेतलं की आपल्याला वाटा.
"म्हणजे ज्यांनी माझं ऐकून जुनं दुरुस्त केलं..."
"त्यांच्याकडून काही नाही."
"आणि ज्यांनी टाकून दिलं..."
"त्यांचेच हे पैसे."

ताप्रांदिच चाकावर हात ठेवून बसून राहिली.
पोरीला वाटलं, रडते की काय.
मग पुढचे दोन दात नसलेलं ते हसू आलं.
"वाईट नाही. पण चूक वर आहे कुठेतरी."
आणि तळहात पुढे केला :
तेलाचे ऐंशी शिलिंग,
त्या चौदा हाफपँटींच्या रात्रीचे वेगळे.

त्या रात्री जेरोनोने कोरं पान उघडलं.
दोन शीर्षकं लिहिली, दोन्ही खोडली.
बाहेर कुत्रं भुंकत होतं, आत टकटक, टकटक,
आईची की लेकीची, भिंतीला कळेना.
जुनं मशीन टाकण्याआधी, इथवर सरळ आलं.
पुढे हवा होता दुरुस्ती हा शब्द.
इंग्रजीत त्यात 'आर' दोनदा येतं,
म्हणजे तिला चारदा.
तिने दाबलं.