चुना

लोक विचारतात, नत्थूभाऊ, काय करता?
मी म्हणतो, चुना लावतो.
हसतात लेकाचे.
पण खरंच, तालुक्यात कुठंही फुटबॉल असो,
फक्की माझीच, दोरी माझीच,
कोपऱ्याच्या पाव वर्तुळाला अजून खिळा आणि सुतळी वापरतो.
म्हणूनच यंदा समितीत घेतलं.
सहावा सभासद, नत्थू ढवस, मत एक.

मुलींचा जिल्हा चषक. यजमानपदासाठी पाच अर्ज.
मार्चमध्ये बोलेरोतून फिरलो,
मोहाची फुलं पडत होती, काचा बंद होत्या.

खैरगुड्यात शाळेमागचं मैदान,
तीन बाजूंनी कडुलिंब, हापशीला बारमाही पाणी.
सिडाम मॅडमनी चौकटीच्या वहीत लिहून ठेवलं होतं
दुपारी तीन वाजता कुठल्या कोपऱ्यात किती पावलं सावली.
चहा दिला. बिनदुधाचा.
अध्यक्षांनी वही उलटी धरून पाहिली.

वडधऱ्यात मैदान म्हणजे
खाणीतून काढलेल्या मातीचा ढिगारा, वरून सपाट केलेला.
खाली अजून धुमसतं म्हणतात.
झाड नाही. चिमणी नाही,
वीज केंद्राच्या आहेत तेवढ्याच, समोर, सात.
पण तिथं बकरं होतं,
आणि कोळशाच्या ट्रकांचा मालक आस्वले
जेवणानंतर स्वतः हातावर पाणी घालत होता.
हात पुसायला रुमाल दिले नवे कोरे, घडी घातलेले.
माझ्या घडीत तीन हजार.
अध्यक्षांचा रुमाल पंचाएवढा होता.

मग हात वर झाले.
माझाही झाला.
वर गेल्यावर मी त्याच्याकडे बघितलं,
नखांत फक्की होती, म्हणजे माझाच.

मे, बावीस तारीख.
पहाटे पाचला रेषा मारल्या,
नऊपर्यंत काळ्या धुळीनं खाल्ल्या.
पुन्हा मारल्या.
अंतिम सामना सकाळी सातचा होता,
पाहुण्यांची गाडी यायची म्हणून चारला नेला.
पेपरात शेहेचाळीस होतं.
सिडाम मॅडम प्रयोगशाळेतली तापमापी घेऊन आल्या होत्या,
गोलखांबापाशी जमिनीवर ठेवली,
पारा वर गेला आणि नळी संपली.
"भाऊ, थांबवा जी," त्या मला म्हणाल्या.
मला. मी तर फक्कीवाला.
मंडपात कूलरसमोर पाहुण्यांना शाल घालत होते.

खैरगुड्याची गोलकीपर, रुखमा कन्नाके, नववी ब.
चेंडू काही जोरात आला नव्हता.
ती त्याच्यासाठी वाकली,
दोन्ही पंजे जमिनीला टेकले
आणि तव्यावरून उचलावे तसे उचलले,
मग बसली. मग आडवी झाली.
चेंडू तिच्या बाजूनं हळूहळू गेला,
माझ्या रेषेवर थोडा रेंगाळला,
ओलांडून गेला.
माईकवरचा माणूस ओरडला, गोऽऽल!
त्याला मंडपातून पोरगी दिसली नव्हती.
पोट्टी पडली ना बाप्पा, कुणीतरी म्हणालं, तेव्हा शिट्टी वाजली.

वाचली. दोन बाटल्या सलाईन.
दवाखान्यात नर्स तिचे गुडघे पुसत होती,
पांढरं निघेना.
"हे काय लावलं हिला?"
मी दारातच उभा होतो. बोललो नाही.

रात्री भाच्यानं मोबाईलवर दाखवलं,
जगाचा चषक कुठल्या देशाला द्यायचा,
सुटाबुटातले लोक पाकीट फोडत होते,
टाळ्या वाजत होत्या.
"मामा, काही ठिकाणी म्हणे मैदानालाच एसी लावतात."
"अन् बिल कोण भरते?"
त्याला माहीत नव्हतं.
"तिथंही बकरं कापत असतील का?"
"उंट," मी म्हणालो.
तो खूप हसला.

त्या तीन हजारांत मी जुना कूलर घेतला.
वीज त्याच सात चिमण्यांची.
रात्रभर घरघरतो, ओल्या वाळ्याचा वास येतो,
टपटप पाणी.
लोक समजतात मला झोप लागत नसेल.
लागते.