थंड तवा

तवा थंडच हवा.
आईनं धडपणे शिकवलेली एवढी एकच गोष्ट,
बाकी शिवणटिपण, देवाची भीती, नवऱ्याशी जमवून घेणं,
सगळं मी अर्धंमुर्धं उचललं.
केंटकीच्या डोंगरात, खाणीखालच्या आमच्या घरात
बिडाचा तवा शेगडीवरून उतरतच नसे.
बेकनच्या पट्ट्या त्यात लगटून निजवायच्या,
एका पांघरुणात भावंडं निजतात तशा,
मग खाली आच लावायची, बारीक,
इतकी बारीक की पेटलीय का, वाकून बघावं लागेल.
घाई केलीस तर मांस करपतं
आणि चरबी कच्ची राहते, आई म्हणायची
आणि बाबांकडे बघायची.

लग्न होऊन मी ओहायोत आले,
पोलादाच्या कारखान्यामागे,
हंगेरीहून आलेल्यांच्या गल्लीत.
सासूबाईंनी माझा तवा उचलून पाहिला,
भोपळा विकत घेताना उचलतात तसा,
आणि परत ठेवला.
"आमच्यात हे घरात नाही करत."

डेझो मला परसात घेऊन गेला.
चेरीची फांदी, टोक तासलेलं.
टोकाला बेकनचा ठोकळा, मुठीएवढा,
चिरा अशा दिलेल्या की तापला की
कोंबड्याच्या तुऱ्यासारखा उलगडावा.
निखाऱ्यांवर धरायचा. फिरवायचा.
थेंब सुटला रे सुटला की
धावत पावाकडे.
पावावर कांदा, मुळ्याच्या चकत्या, वरून लाल पाप्रिका,
आणि पुन्हा निखाऱ्यांवर, पुन्हा पावावर,
तास गेला तरी कुणी घड्याळ बघत नाही.
मांस खायचं नंतर, भूक उरली तर.
खरं जेवण म्हणजे तो डागाळलेला पाव.
मी खाल्ला. आवडला.
सांगितलं नाही.
याला एक्केचाळीस वर्षं झाली.

नणंद इल्का ओव्हनवाली.
पत्र्यावर फॉइल, वीस मिनिटं, ओटा स्वच्छ.
तिच्या पट्ट्या कवायतीला उभ्या केल्यासारख्या सरळ,
चवही तशीच, सावधान.
शेजारची ओपल तव्यात आधी घोटभर पाणी ओतते.
हसले होते मी तिला.
मग एकदा, घरात कुणी नसताना, करून पाहिलं.
बरं लागतं. इथेच सोडून देऊ.
भाच्याचं मात्र नाव काढू नका:
कागदात गुंडाळून मायक्रोवेव्हमध्ये, चार मिनिटं.
मृत्युपत्र केलं असतं
तर त्याला त्यातून काढलं असतं.

डेझोच्या छातीत आता दोन जाळ्या बसवल्यात.
डॉक्टर म्हणाले, महिन्यातून एकदा.
तो पहिला शनिवार ठरवून टाकतो,
मग फेब्रुवारी असो, तळ्यावरचा वारा
कानाचे तुकडे पाडत असो.
या शनिवारी बर्फात खुर्ची टाकून बसला,
टोपी भुवयांपर्यंत, हातात फांदी.
मी खिडकीत. माझ्या तव्यावर माझ्या पट्ट्या,
चुरचुर ऐकत होते. ती थांबत आली
की समजायचं, झालं. घड्याळ लागत नाही.
तेवढ्यात पाहिलं, त्याची मान कलली.
फांदी कलली.
ठोकळा घसरला आणि सरळ आगीत.
भडका उडाला, गुडघाभर उंच.
हा आपला झोपेत.

मी पाव कापला.
तव्यातलं तूप म्हणा, चरबी म्हणा, चमच्याने त्यावर सोडली,
कांदा, मुळा, पाप्रिका,
वर दोन पट्ट्या, चुरडून, ओळखू येऊ नयेत म्हणून.
त्याचेच बूट घालून बाहेर गेले
आणि ताटली त्याच्या मांडीवर ठेवली.

डोळे उघडले. आधी फांदीकडे बघितलं,
रिकामी. मग पावाकडे.
घास घेतला, सावकाश चावला,
एक्केचाळीस वर्षं ज्या तव्याला तो "लोखंडाची सासू" म्हणतो
त्याची चव त्याला कळली नसेल
असं मला वाटत नाही.

"आज आग छान धरली होती," तो म्हणाला.
"लाकूड कोरडं होतं," मी म्हणाले.

ओपलचा कुत्रा कुंपणाखालून आला
आणि राखेतून काहीतरी काळं, तुऱ्याचं, ओढू लागला.
आम्ही दोघं
तळ्याकडे बघत राहिलो.